घासलेट, फर्लांग आणि आत्याचं इंग्रजी

१९१० ते १९३५च्या दरम्यान जन्मलेली आमच्या घरातली माणसं जे इंग्रजी बोलायची, ते आता विलायतेतही फारसं कुणाच्या तोंडी नाही. त्यातले निम्मे शब्द इंग्रजी आहेत हे त्यांना ठाऊकही नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांचं काही अडलं नसतं. शब्द घरात आला, कामाला लागला, घरचा झाला. तिकडे इंग्लंडात त्याच शब्दांचे अर्थ पालटले, काही मोडीत निघाले. आमच्याकडे मात्र ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अर्थासकट नांदत राहिले. ती माणसं आता एकेक करून गेली. शब्दही त्यांच्या मागोमाग निघाले आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

गंजीफ्रॉक घ्या. आजोबांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. पांढरा, विणीचा, अर्ध्या बाह्यांचा गंजीफ्रॉक आणि धोतर एवढ्यावर त्यांची सकाळ जायची. गळ्याशी दोन बटणांची पट्टी, त्यातलं वरचं बटण कायम तुटलेलं. आजी दर आठवड्याला त्याला नीळ घालायची, तरी काखेतला पिवळेपणा काही जायचा नाही. पाठीवर विरून जाळी पडली की कात्रीने त्याचे दोन तुकडे व्हायचे आणि ते कंदिलाच्या काचा पुसायला जायचे. आम्हा नातवंडांना एकच प्रश्न पडायचा: फ्रॉक तर मुली घालतात, मग अण्णांचा फ्रॉक कसा?

उत्तर असं की अण्णांचाच फ्रॉक जुना. इंग्रजीत हा शब्द मुळात पुरुषांच्या कपड्याचा. मध्ययुगात मठातले साधू जो पायघोळ झगा घालत तो फ्रॉक. धर्मगुरूचा अधिकार काढून घेणं याला इंग्रजीत आजही ‘फ्रॉक उतरवणं’ अशाच अर्थाचं क्रियापद आहे. मग शेतमजुरांचा सैलसर स्मॉक-फ्रॉक आला, त्यानंतर साहेबाचा फ्रॉक-कोट. लहान मुलींच्या अंगावर तो साधूंच्या मागाहून आला. आणि गंजी म्हणजे गर्न्सी. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याला लागून हे एक छोटं बेट आहे. तिथले कोळी आणि खलाशी लोकरीचा घट्ट विणीचा अंगरखा घालत, त्याला एकोणिसाव्या शतकात ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणत. बोटींवरून तो मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत उतरला, लोकरीचा सुती झाला आणि गर्न्सीची गंजी झाली. हिंदी-बंगालीने नुसती ‘गंजी’ ठेवली. मराठीने मात्र मागचा फ्रॉकही सोडला नाही. इंग्लंडने जे नाव कधीच टाकून दिलं ते आमच्या दांडीवर रोज वाळत पडलेलं असायचं.

गर्न्सीच्या शेजारचं बेट जर्सी. त्यानेही विणलेल्या कपड्याला नाव दिलं, शिवाय आमच्या गोठ्याला गाय दिली. त्या बेटांचा नकाशावर ठिपकासुद्धा धड दिसत नाही. अंगातला गंजीफ्रॉक आणि दुधाची जर्सी गाय हे दोन्ही एकाच पाण्यातल्या दोन शेजाऱ्यांकडून आलं आहे, हे अण्णांना सांगायला मला फार आवडलं असतं.

पुढे बाबांच्या पिढीने गंजीफ्रॉक टाकून ‘बनियन’ म्हणायला सुरुवात केली. तो शब्द आणखी लांबून आला, खरं तर परत आला. गुजरातच्या वाण्यांना पोर्तुगीज आणि मग इंग्रज ‘बनियान’ म्हणू लागले. हिंदुस्थानी धर्तीचा सैल अंगरखा गोरे लोक उकाड्यात घालू लागले, तेव्हा त्या कपड्यालाही तेच नाव पडलं. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश निघाला, त्यात ही हकिगत आहे. एकाच कपड्याची दोन नावं: एक तिकडून इकडे आलेलं, दुसरं इकडून तिकडे जाऊन माघारी फिरलेलं.

स्वयंपाकघराचे दोन शब्द रॉकेल आणि घासलेट. आजी घासलेट म्हणायची, काकू रॉकेल म्हणायची. रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत दोन्ही चालायचे. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या नाकात अजून तो वास असेल: पितळी स्टोव्हचा काकडा पेटवायचा, बर्नर तापेपर्यंत थांबायचं, पंप मारायचा, भोक बुजलं की पिन घालायची आणि निळी ज्योत फरफरत उठली की त्यावर चहाचं आधण चढवायचं. रिकामा झालेला चौकोनी पत्र्याचा डबा कधी वाया जायचा नाही. वर आडवा लाकडी दांडा ठोकला की पाणी भरायला, झाकण केलं की ज्वारी ठेवायला, आणि अगदीच गंजला की तुळस लावायला.

‘रॉक ऑइल’ हे खनिज तेलाचं जुनं इंग्रजी नाव. खडकातून झिरपणारं, म्हणून रॉक ऑइल. लॅटिन वळणाचा पेट्रोलियम हा शब्दही तेच सांगतो. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेक नावाच्या माणसाने विहीर खोदून तेल काढलं. त्याआधी तिथे जी कंपनी स्थापन झाली होती तिच्या नावातही ‘रॉक ऑइल’च होतं. त्याच दशकात अब्राहम गेस्नर याने दिव्याच्या तेलाला केरोसीन हे नाव दिलं, मेणासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. जगभर केरोसीन चाललं आणि रॉक ऑइल इतिहासाच्या पुस्तकांत गेलं. महाराष्ट्रातल्या बायकांनी मात्र ते शेवटपर्यंत कॅनमधून आणलं, मापाने ओतलं, शेजारणीला उसनं दिलं.

घासलेट म्हणजे गॅसलाइट. लंडनच्या पॅलमॅलवर १८०७ साली गॅसचे दिवे लागले, तो गॅस कोळशापासून काढलेला. घासलेटचा खरं तर त्या गॅसशी संबंध नाही. पण उजेडासाठी जळणारं ते नवं काहीतरी म्हणजे गॅसलाइट, असं लोकांनी ठरवलं आणि दिव्याचं नाव तेलाला चिकटलं. आता माझी भाची मैत्रिणीशी फोनवर बोलताना ‘तो मला गॅसलाइट करतो’ म्हणते. त्याचं मूळ १९३८ सालच्या पॅट्रिक हॅमिल्टनच्या नाटकात आहे. नवरा वरच्या मजल्यावर चोरून दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंदावतो. बायकोने ते बोलून दाखवलं की तिलाच भ्रम झालाय असं तिच्या गळी उतरवायला बघतो. १९४४ साली त्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला. पणजी घासलेट म्हणायची आणि पणती गॅसलाइटिंग म्हणते. शब्द एकच आहे, हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने बोलणं थांबवून आजीचा स्टोव्ह कसा होता ते विचारलं.

पण अण्णांचा खरा जीव शेतजमिनीच्या शब्दांत. ‘ओढा ओलांडलास की दोन फर्लांगावर आपला मळा,’ असं ते सांगायचे. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असायचे, मधे फर्लांगाचे बुटके दगड. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर हळूहळू किलोमीटर आले, दगड बदलले, अण्णांचं अंतर मात्र बदललं नाही. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, मैलाचा आठवा भाग, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र फार पुढे कळला: ‘फरो लाँग’, एका नांगरटीच्या तासाची लांबी. गावच्या सामाईक शेतात बैलांची जोडी दम न खाता जेवढं एक तास ओढील तेवढं अंतर. बैल थांबले, नांगर वळवला, फर्लांग संपला. एकर म्हणजे त्या जोडीने एका दिवसात नांगरायची जमीन. एकर या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘शेत’ एवढाच होता, आणि तो संस्कृतातल्या ‘अज्र’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे.

या फर्लांगाची ताकद बघा. रोमन वळणाचा मैल ५,००० फुटांचा. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९३ साली, मैल आणि फर्लांग यांचा मेळ घालायची वेळ आली, तेव्हा फर्लांगाला हात लावला नाही. जमिनींचे सगळे व्यवहार त्यावर बेतलेले होते. त्याऐवजी मैलच लांबवून आठ फर्लांगांचा, म्हणजे ५,२८० फुटांचा केला. राजदरबारापेक्षा बैलजोडीचं माप भारी ठरलं. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे १६२० साली एडमंड गुंटर याने जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी काढली. दहा साखळ्या म्हणजे एक फर्लांग. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे बरोबर एक साखळी. अण्णा रेडिओवर कॉमेंट्री ऐकताना खेळपट्टीच्या लांबीचा विषय निघाला की ‘एक चेन’ म्हणायचे, तेव्हा कुणाला काही कळायचं नाही. आपल्याकडे १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या नव्या पाहणीला सुरुवात केली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी वापरली ती निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग पाडले सोळा, आणे म्हणून. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा: १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, म्हणून माणसं तोंडाने अजून गुंठाच म्हणतात. फर्लांग मात्र गेला.

अण्णांचं कागदावरचं इंग्रजी वेगळं. ते कचेरीत कारकून होते. त्यांच्या पत्रांत ‘आपले १० इन्स्टंटचे पत्र मिळाले’ असायचं. इन्स्टंट म्हणजे चालू महिन्याची तारीख, अल्टिमो म्हणजे गेल्या महिन्याची, प्रॉक्सिमो म्हणजे येत्या. व्यापारी आणि सरकारी पत्रव्यवहारात हे तिन्ही शब्द विसाव्या शतकातही बराच काळ चालले. अर्जाच्या शेवटी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची. थोरल्या काकांना ती ओळ अजिबात सहन व्हायची नाही. गुलामी अंगात भिनल्याशिवाय माणूस असं लिहील का, म्हणायचे. अण्णा शांतपणे सांगायचे, ‘अरे, साहेबही आपल्याला उत्तर देताना तेच लिहायचा.’ ते खरं होतं. अठराव्या शतकात तो बरोबरीच्या माणसांतला शिष्टाचार होता. अमेरिकेत १८०४ साली हॅमिल्टन आणि बर हे दोन राजकारणी एकमेकांना ठार मारायला द्वंद्वाच्या मैदानात उतरले, त्याआधीच्या त्यांच्या कडवट पत्रांखालीही ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असंच आहे. तरी काकांचा राग मला खोटा वाटत नाही. इंग्लंडात ती ओळ निव्वळ रीत होती. इथे ती लिहिणाऱ्याला समोरच्याची सत्ता रोज दिसत होती.

सत्तरच्या दशकात धाकटे काका नोकरीसाठी परदेशी निघाले, तेव्हा घरात पहिला पासपोर्ट आला. तो सगळ्यांच्या हातातून फिरला. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती असते की या व्यक्तीला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. काकांनी विचारलं, ‘लेट’ म्हणजे तर होऊ देणं, मग ‘लेट’शिवाय कसं? अण्णांनी समजावलं की हा दुसरा लेट, जुना. त्याचा अर्थ अडवणं, खोळंबा करणं. उशीर झाला याअर्थी आपण जो लेट म्हणतो त्याच्या कुळातला. परवानगीचा लेट वेगळ्या शब्दापासून आला. पुढे दोघांचे उच्चार एक झाले आणि अर्थ एकमेकांच्या बरोबर उलट राहिले. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून पलीकडे पडला की पंच ‘लेट’ म्हणतो, तोही हा जुनाच. आजच्या भारतीय पासपोर्टातही तो आहे. तुमच्या कपाटात असेल तर पाहा.

आजीबद्दल लिहिताना मात्र माझा हात जरा थांबतो. ती व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली. सातवीनंतरची ही परीक्षा. ती उत्तीर्ण झालेल्या माणसाला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. त्या काळात मुलीने एवढं शिकणं म्हणजे गावात नाव होतं. ‘आमची फायनल झालेली आहे,’ असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. प्रमाणपत्र तिने लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी, नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलं होतं. आम्ही ते मोठेपणी पाहिलं.

व्हर्नाक्युलर हा शब्द लॅटिन ‘व्हर्ना’ वरून आला आहे. व्हर्ना म्हणजे मालकाच्याच घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचं, देशी’ असा अर्थ झाला आणि सतराव्या शतकापासून इंग्रजी लोक तो स्वतःच्या भाषेसाठीही वापरत आले. लॅटिन ती विद्वानांची आणि इंग्रजी ती व्हर्नाक्युलर. हिंदुस्थानात आल्यावर मात्र इंग्रजी वरच्या पाटावर जाऊन बसली आणि व्हर्नाक्युलर झाल्या मराठी, बंगाली, तमिळ. १८७८ सालचा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट फक्त देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर होता. इंग्रजी पत्रांना त्याची झळ नव्हती. शब्द तोच, पण कुणी कुणाला उद्देशून वापरला यावर त्याचं वजन ठरलं. ज्ञानेश्वरी पाठ असलेल्या आजीच्या भाषेला परीक्षेच्या कागदावर हे नाव मिळालं, याचं मला वाईट वाटतं. तिला वाटत नव्हतं. तिने त्या शब्दाला आपल्या पासाचा अभिमान चढवला आणि आयुष्यभर ताठ मानेने वापरला.

आणि आत्या. बाबांची थोरली बहीण, हुजूरपागेत शिकलेली, पुढे मॅट्रिकच्या मुलींना इंग्रजी शिकवणारी. लग्न केलं नाही. चळवळीच्या दिवसांपासून तिला टकळीवर सूत कातायची सवय होती. वह्या तपासून झाल्या की कापसाचा पेळू हातात घ्यायची. मुलाखतीच्या एका फॉर्मवर तिने ‘स्पिन्स्टर’ लिहिलं, तेव्हा काकू हळहळल्या. तो शब्द तोवर ‘लग्न न जमलेली’ अशा कुचकट अर्थाने वापरला जाऊ लागला होता. आत्याने त्यांना सांगितलं की मुळात स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी बाई. चौदाव्या शतकात तो कष्टाने पोट भरणारीचा व्यवसाय होता, सतराव्या शतकात कायद्याच्या कागदांवर अविवाहित स्त्रीपुढे लिहायची रीत पडली, आणि टोमणा त्यानंतर आला. ‘मी दोन्ही अर्थांनी आहे,’ असं म्हणून ती पेळूकडे वळली. इंग्लंडच्या विवाहनोंदणीतून हा शब्द २००५ साली काढून टाकला.

तिच्या टेबलावर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, रेन आणि मार्टिनचं व्याकरण आणि टाचणं भरलेलं शेक्सपिअर असायचं. ‘वेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का, हे तिने कित्येक मुलींच्या डोक्यात बसवलं. सज्जात उभी राहून ज्युलिएट रोमिओला शोधत नसते. तू नेमका त्या वैऱ्याच्या घराण्याचा रोमिओ का झालास, असं ती विचारते आहे. हे कळलं की सगळा प्रवेश बदलतो, असं आत्या सांगायची, आणि तो बदलायचाच.

पण तिचा आवडता शब्द ‘दाऊ’. इंग्रजीत तू आणि तुम्ही हा भेदच नाही, असं शाळेत कुणी म्हटलं की ती म्हणायची, ‘होता. त्यांनी घालवला.’ दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. शेक्सपिअरच्या नाटकांत एखादं पात्र रागाने किंवा मायेने तुम्हीवरून तूवर कुठे उतरतं, तिथे तिने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, तेव्हा त्यांना हे किती सोपं गेलं असेल, असं ती म्हणायची. मराठी माणसाच्या कानात तो फरक जन्मापासून असतो. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सचे क्वेकर अनुयायी न्यायाधीशालाही दाऊ म्हणत, सगळी माणसं सारखी म्हणून, आणि त्यापायी मार खात, तुरुंगात जात. तेही आत्यानेच सांगितलं. १६११च्या इंग्रजी बायबलात देवाला दाऊ आहे. पुढे बहुतेकांच्या रोजच्या बोलण्यातून तो शब्द गेला आणि मुख्यतः प्रार्थनेत उरला, त्यामुळे आता इंग्रजांनाच तो फार आदराचा आणि भारदस्त वाटतो. वर्गातल्या मुलीही तसंच समजायच्या. आत्या विचारायची, ‘पंढरपुरात विठोबाला अहो म्हणाल का गं?’

यॉर्कशरच्या खेड्यांत जुनी माणसं घरच्यांना, मित्रांना ‘दा’ आणि ‘दी’ म्हणतच राहिली, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. इंग्लंडला जायला मिळालं तर लंडन नको, त्या खेड्यांत जाऊन महिनाभर म्हाताऱ्यांशी बोलायचं आहे, असं ती रिटायर झाल्यावरही सांगायची.